लाउंज सूट, ब्लेझर आणि पंचा

इकडे एखाद्या परिषदेचे निमंत्रण आले की त्यात तळाशी एक ओळ हमखास असते. ठिकाण, वेळ, जेवण शाकाहारी की मांसाहारी, आणि मग 'ड्रेस कोड : स्मार्ट कॅजुअल'. आपल्याकडून नवीन आलेल्या माणसाला ही ओळ चांगलीच घाम फोडते. कॅजुअल म्हणजे साधे, रोजचे. स्मार्ट म्हणजे रुबाबदार. मग घालायचे काय? पुण्यात कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वेळी आपल्याला शिकवलेले असते की फिकट शर्ट, गडद पँट, पट्टा, काळे बूट, विषय संपला. शुक्रवारी जीन्स आणि टी-शर्ट, तोही विषय संपला. इथे या दोन्हींच्या मधला तिसराच प्रकार आहे आणि त्याचे नियम कुठेच छापलेले नसतात. कोट हवा, पण पँटच्या कापडाचा नको. शर्टाचे वरचे बटण उघडे चालते, दुसरे नाही. टाय नको, पण टाय विसरून आलाय असेही वाटता कामा नये. आपल्या लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असे छापलेले असते ना, तसलाच हा मामला. छापलेले एक, आणि जे सगळ्यांना ठाऊक असायला हवे ते दुसरेच.

साहेबाच्या देशात बरीच वर्षे काढल्यावर मला या न छापलेल्या नियमांचे मूळ शोधायची खोड लागली. एकदा धागा ओढायला घेतला तर तो पार दोनशे वर्षे मागे गेला, आणि वाटेत बडोदा, महाड, इंदूर अशी आपलीच गावे लागली. म्हणून हा लेख.

सुरुवात करू या ब्यू ब्रमेल नावाच्या गृहस्थापासून (१७७८-१८४०). त्याच्या आधी इंग्लंडमधले बडे पुरुष मखमल, जर, पावडर लावलेले केसांचे टोप वगैरे घालून मिरवत. ब्रमेलने ते सगळे बाजूला सारले. गडद रंगाचा अंगाबरोबर बसणारा कोट, लांब विजार आणि गळ्याला पांढराशुभ्र, कडक खळ घातलेला रुमाल, बस्स. वरवर पाहता किती साधे! पण तो रुमाल मनासारखा बांधला जाईपर्यंत सकाळचे काही तास जात. त्याच्या नोकराच्या हातात चुरगळलेल्या रुमालांचा ढीग पाहून कोणी विचारले, तर नोकर म्हणाला, हे आमचे फसलेले प्रयत्न. खरे-खोटे देव जाणे, पण इंग्रजी साधेपणाचे मर्म या गोष्टीत पुरेपूर आहे. मेहनत करायची, पण ती दिसू द्यायची नाही. ब्रमेल पुढे कर्जबाजारी होऊन १८१६ साली फ्रान्सला पळून गेला आणि तिकडेच एका वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याचा कोट मात्र राहिला.

आम्हा इंजिनियर लोकांचा आदर्श अर्थातच वेगळा. रॉबर्ट हाउलेट या छायाचित्रकाराने नोव्हेंबर १८५७ मध्ये इझंबार्ड किंगडम ब्रुनेलचा फोटो काढला. लंडनच्या मिलवॉल गोदीत 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज पाण्यात उतरवायची धडपड चालू होती. ब्रुनेल उभा आहे त्याच्या मागे अजस्त्र साखळदंड, तोंडात चिरूट, हात खिशात, डोक्यावर उंच काळी हॅट. आणि विजार? चुरगळलेली, चिखलाने बरबटलेली. बूटही तसेच. त्या काळात फोटो काढायचा म्हणजे माणसे ठेवणीतले कपडे घालून खांबासारखी उभी राहत. हा गडी कामावरून आला तसा उभा राहिला आणि इंग्लंडमधल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक होऊन बसला. (हेच 'ग्रेट ईस्टर्न' पुढे प्रवासी वाहतुकीत साफ बुडीत गेले आणि १८७० साली त्याने मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तारेची केबल टाकली.) माझ्या धंद्यातल्या कित्येकांच्या कचेरीत हा फोटो लावलेला असतो. चिखलाचे बूट घालून सभेला येणाऱ्या साइट इंजिनियरला इथे जो मान मिळतो, त्याचे मूळ मला तरी याच फोटोत दिसते. पण एक लक्षात ठेवा, ब्रुनेल हा ब्रुनेल होता. त्याच्या मागे साखळी ओढत असलेल्या मजुराच्या विजारीलाही तोच चिखल होता आणि त्याचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही.

आता खरी गंमत. आज आपण ज्याला सूट म्हणतो, म्हणजे एकाच कापडाचा आखूड कोट आणि पँट, त्याचे इंग्रजी नाव 'लाउंज सूट'. लाउंज करणे म्हणजे लोळणे, आरामात रेलून बसणे! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हा पोशाख आला तो खेडेगावातल्या सुट्टीसाठी, समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जाण्यासाठी. सैलसर, कमरेला शिवण नसलेला. शहरात, कचेरीत, पार्लमेंटात गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक कोटच घालायचा. लाउंज सूट घालून बँकेत जाणे म्हणजे आज बर्म्युडा घालून जाण्यासारखे. डिनर जॅकेटचेही तेच. सॅव्हिल रो वरच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या सांगण्याप्रमाणे १८६५ साली त्यांनी युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, सँड्रिंगहॅमच्या घरगुती जेवणांकरता शेपूट नसलेला आखूड कोट शिवला. पाहुण्यांसमोर घालायचा नव्हे, घरच्या घरी घालायचा कोट. साठ वर्षांनी त्याची पदोन्नती कुठपर्यंत झाली पाहा. १९२० च्या दशकात बीबीसी सुरू झाल्यावर रेडिओवर संध्याकाळी बातम्या वाचणाऱ्या निवेदकांना डिनर जॅकेट घालून बसावे लागे. रेडिओवर! कोणाला दिसणार होते?

आणि ब्लेझर? आजच्या 'स्मार्ट कॅजुअल'चा हा खरा नायक. हा आला होड्या वल्हवणाऱ्या पोरांकडून. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गरेट बोट क्लब १८२५ साली निघाला. त्यांचे कोट इतके भडक लाल की आग लागल्यासारखे दिसत, म्हणून ब्लेझर. मराठी वाचकाने इथे जरा थांबावे, कारण सेंट जॉन्स हे आपल्या रँग्लर परांजप्यांचे कॉलेज. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तिथूनच सीनियर रँग्लर झाले. मुर्डीसारख्या कोकणातल्या खेड्यातून आलेला मुलगा गणितात साऱ्या केंब्रिजमध्ये पहिला (एका इंग्रज मुलाबरोबर बरोबरीत). नदीवर लाल कोटातली पोरे होड्या वल्हवत असताना हे खोलीत बसून गणिते सोडवत असणार, असे आपले मला वाटते.

तर नियम असा दिसतो की कालचा आरामाचा पोशाख आजचा समारंभाचा होतो. पण तो आपोआप होत नाही. कोणीतरी पहिला माणूस चुकीच्या जागी चुकीचे कपडे घालून जातो आणि मग बोंबाबोंब होते. तो कोण आहे यावर पुढचे सगळे ठरते. राजपुत्र असेल तर फॅशन होते. कामगार असेल तर?

कीर हार्डी हा स्कॉटलंडचा माणूस लहानपणी कोळशाच्या खाणीत काम केलेला. १८९२ च्या निवडणुकीत तो लंडनच्या वेस्ट हॅम साउथमधून निवडून आला. (याच निवडणुकीत दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले.) पार्लमेंटात खासदार म्हणजे फ्रॉक कोट आणि उंच रेशमी हॅट. हार्डी गेला ट्वीडचा सूट आणि साधी टोपी घालून. वर्तमानपत्रांनी त्या टोपीची कामगारी कापडी टोपी करून टाकली आणि पार्लमेंटची इभ्रत गेली म्हणून शंख केला. आता ट्वीड हे तेव्हाच्या जमीनदारांचेच शिकारीला जायचे कापड. तेच कापड लॉर्डाच्या अंगावर शिकारीला शोभते आणि खाणकामगाराच्या अंगावर पार्लमेंटात आले की बंड ठरते. कापडाचा दोष नव्हे.

आता आपल्याकडे येऊ. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. पाचवा जॉर्ज सिंहासनावर बसलेला आणि एकेक संस्थानिक पुढे येऊन मुजरा करतोय. सगळे हिऱ्यामोत्यांनी मढलेले. बडोद्याचे सयाजीराव महाराज आले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, अंगावर इतरांसारखे जडजवाहीर नाही, हातात काठी. थोडे वाकले आणि राजाकडे पाठ न करता मागे सरकायच्या ऐवजी वळून चालू लागले. त्याचे चलच्चित्र लंडनच्या थिएटरात दाखवले गेले, इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोहाची ओरड केली आणि महाराजांना व्हाइसरॉयला खुलाशाचे पत्र लिहावे लागले. घाईत, गडबडीत चुकले असे ते पत्र सांगते. मुद्दाम केले की खरोखर गोंधळ झाला, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. सामन्यात एखादा फलंदाज बाद होता की नव्हता याच्या वादासारखा तो वाद मिटायचा नाही. पण लंडनला काय झोंबले ते बघा. महाराजांनी काही भाषण केले नव्हते, घोषणा दिली नव्हती. समारंभाला साजेसे नटून न येणे एवढाच गुन्हा.

दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, याच महाराजांनी एका महार सुभेदाराच्या मुलाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. भीमराव रामजी आंबेडकर. तिथून ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. १९१७ साली पैसे संपल्यावर बडोद्यात नोकरीला हजर झाले तेव्हा अंगावर विलायती शिक्षण होते, विलायती कपडेही होते, पण राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत उतरले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. कचेरीत शिपाई कागद लांबून टेबलावर फेकत. म्हणजे सुटाने काम भागले नाही हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी सूट सोडला नाही.

का, ते समजायला दोन गोष्टी सांगतो. पहिली १९२८ सालची, होळकरांच्या इंदूर संस्थानातली. तिथल्या काही गावांतल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला नियम घालून दिले : जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. पाळायचे नसेल तर गाव सोडा. बाबासाहेबांनी हा प्रसंग १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिला आहे. दुसरी गोष्ट त्याच्या जरा आधीची, डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती दहनाच्या वेळच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे आखूड नेसू नका, वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा, जात सांगणारे ते जाडजूड दागिने टाकून द्या. बायकांनी लगेच आपली नेसण बदलली. आपल्यापैकी अनेकांना वाटते की कपडे हा वरवरचा विषय आहे. ज्यांना कुठले काठ लावायचे हे दुसऱ्याने सांगितलेले नाही, त्यांनाच तसे वाटू शकते.

आणि मग नोव्हेंबर १९३०, लंडन, गोलमेज परिषद. पहिल्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, लॉर्डांच्या सभागृहाच्या रॉयल गॅलरीत पाचव्या जॉर्जनेच उद्घाटन केले, पुढचे कामकाज सेंट जेम्स राजवाड्यात. जमलेल्या मंडळींचे फोटो उपलब्ध आहेत, जरूर बघा. फेटे, साफे, पागोटी, अचकन, फ्रॉक कोट, सगळ्या हिंदुस्थानचे वस्त्रभांडार तिथे मांडलेले. संस्थानिकांत सयाजीराव महाराज आहेत, आता वृद्ध झालेले. सांगलीचे पटवर्धन आहेत. मुंबईचे मुकुंदराव जयकर, नागपूरचे डॉ. मुंजे आहेत. बेगम शाहनवाज आणि राधाबाई सुब्बरायन या दोन महिला प्रतिनिधी आहेत. आणि अस्पृश्यांच्या वतीने मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन आणि डॉ. आंबेडकर. बाबासाहेब गडद सुटात, टाय लावून. २० नोव्हेंबरला त्यांनी भाषण केले. शिष्यवृत्ती देणारा राजा आणि ती घेऊन शिकलेला विद्यार्थी एकाच परिषदेचे सभासद! एकाला १९ वर्षांपूर्वी याच राजासमोर पुरेसे न नटल्याबद्दल फटकारले गेले होते. दुसऱ्याच्या जातभाईंना त्याच सुमारास गावोगाव जास्त नटल्याबद्दल मार पडत होता.

पुढच्या वर्षी गांधीजी आले, दुसऱ्या परिषदेला. सप्टेंबर १९३१. त्यांच्या कपड्यांची कथा सर्वांना माहीत असते ती अर्धीच. ते १८८८ साली पहिल्यांदा बोटीतून उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या सुटात, आणि सप्टेंबर संपताना तसे कपडे घातलेला बंदरावर आपण एकटेच, हे पाहून ओशाळले. सामान ताब्यात यायला सोमवार उजाडणार होता. डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले तर त्यांच्या उंच हॅटवर गांधीजींनी सहज उलटा हात फिरवला आणि तिची लव विस्कटून टाकली. पुढे १९ शिलिंगांची स्वतःची हॅट, बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा संध्याकाळचा सूट, भावाकडून मागवलेली सोन्याची दुपदरी घड्याळसाखळी, आणि रोज आरशासमोर दहा मिनिटे टाय बांधणे, हे सगळे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे पंचा नेसणारा माणूस बाँड स्ट्रीट करून आलेला होता. १९२१ साली मदुराईत त्यांनी उरलेसुरले कपडेही उतरवले आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा धरला.

त्याच वेषात ते सेंट जेम्स राजवाड्यात बसले. लंडनच्या पूर्व भागात, बो मधल्या किंग्जली हॉलमध्ये, गरीब वस्तीत राहिले. सप्टेंबरच्या अखेरीस लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले, जिथल्या गिरण्या त्यांच्याच बहिष्कारामुळे थंड पडल्याचे सांगितले जात होते, आणि तिथल्या गिरणी कामगार बायका त्यांच्याभोवती हसत, हात उंचावत उभ्या आहेत असा फोटो आहे. खादी नेसलेला माणूस आणि कापड विकले न गेल्याने बेकार झालेली माणसे. ५ नोव्हेंबरला बकिंगहॅम राजवाड्यात प्रतिनिधींना चहा होता. सॅम्युअल होअर या मंत्र्याने आठवणींत लिहिले आहे की गांधींना बोलवायचे म्हटल्यावर राजाची एक हरकत होती ती धड कपडे नसण्याची आणि उघड्या गुडघ्यांची. शेवटी बोलावले आणि गांधीजी पंचा, शाल आणि चपला घालून गेले.

त्याच फेब्रुवारीत विन्स्टन चर्चिलने अर्धनग्न फकीर म्हणून त्यांची टिंगल केली होती. हा मिडल टेंपलचा वकील फकिराचे सोंग घेऊन व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढतो, असा एकंदर सूर. (गांधीजी मिडल नव्हे, इनर टेंपलचे. शिवी देतानाही माहिती तपासावी.) पण कपड्यांच्या देवतेला विनोदबुद्धी असते. दुसऱ्या महायुद्धात चर्चिलने स्वतःसाठी 'सायरन सूट' नावाचा प्रकार काढला. बॉयलर दुरुस्त करणारा मिस्त्री घालतो तसला, मानेपासून पायापर्यंत एकच झबले आणि पुढे चेन. विमानहल्ल्याचा भोंगा झाला की झटकन चढवायला सोयीचा. जर्मिन स्ट्रीटवरच्या टर्नबुल अँड असर या भारी दुकानाने त्याला तो मखमलीतही शिवून दिला. १९४२ च्या जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये पाहुणा असताना तो हे झबले घालून फिरत होता. जगाच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या बैठका चालू होत्या आणि ब्रिटनचे पंतप्रधान रांगत्या मुलाच्या कपड्यांत! कोणी फकीर म्हटले नाही.

बाबासाहेब आणि गांधीजी यांच्यात त्या परिषदेत काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. कपड्यांपुरते बोलायचे तर मला दोघेही बरोबर वाटतात. अनेकांना हे पटणार नाही. गांधीजींनी सूट टाकला तो तो त्यांच्याकडे होता म्हणून. दिवाणाचा मुलगा आणि बॅरिस्टर फाटका वेष घेतो तेव्हा त्याला त्याग म्हणतात. बाबासाहेब तसे करते तर त्याला त्याग कोणी म्हटले नसते, नेहमीचाच वेष म्हटले असते. दुसऱ्या परिषदेच्या जरा आधी ऑगस्ट १९३१ मध्ये दोघे मणिभवनात भेटले, आणि गांधीजींचा तोवर समज होता की डॉ. आंबेडकर हे अस्पृश्यांविषयी कळकळ असलेले कोणी ब्राह्मण असावेत! आता बोला. हा समज कपड्यांमुळे होता असे मी म्हणत नाही, पण विचार करण्यासारखा आहे.

इंग्रज कामगाराचीही गोष्ट फार वेगळी नव्हती. त्याला सूट मिळवून दिला तो लिथुआनियातून आलेल्या एका ज्यू पोराने. माँटेग्यू बर्टन हे त्याने इथे घेतलेले नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेस्टरफील्डमध्ये छोटे दुकान काढले आणि पुढे लीड्सला कपड्यांचा अवाढव्य कारखाना. मापाचा सूट, कारकुनाला आणि कामगाराला परवडेल अशा भावात. १९४५ नंतर सैन्यातून सुटलेल्या लाखो जवानांना सरकारने एकेक सूट दिला, त्यातलेही पुष्कळ बर्टनचे. शनिवारी संध्याकाळी खाणकामगार सूट घालून बाहेर पडू लागला, आणि झाले, बड्या लोकांचा सुटातला रस कमी होऊ लागला. माझा हा सिद्धांत कोणी पुस्तकात शोधू नये.

पोशाखावरून माणूस कसा आडवा होतो याचा इंग्लंडमधला ठळक नमुना म्हणजे मायकेल फुट, मजूर पक्षाचे नेते. ८ नोव्हेंबर १९८१, युद्धात मेलेल्यांना श्रद्धांजली वाहण्याचा दिवस, राणीसह सगळे काळ्या ओव्हरकोटात. फुट हिरवट रंगाचा आखूड कोट घालून उभे. वर्तमानपत्रांनी त्याला 'डाँकी जॅकेट' म्हटले, म्हणजे रस्ते खोदणाऱ्या मजुरांचा कोट, आणि मेलेल्यांचा अपमान केला म्हणून झोडपले. कोट प्रत्यक्षात हॅरड्समधून त्यांच्या पत्नीने घेतलेला, आणि राजमातेने म्हणे त्याची तारीफही केली. उपयोग शून्य. त्यांची ती प्रतिमा शेवटपर्यंत पुसली गेली नाही. तो कोट आज मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

आमच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या दुनियेत असल्या गोष्टी चालत नाहीत असे आम्ही छातीठोकपणे सांगायचो. तिथे ट्युरिंगसारख्या गबाळ्या बुद्धिमंतांची परंपरा. पण १२ नोव्हेंबर २०१४ रोजी रोझेटा यानाचा लँडर धूमकेतूवर उतरला, तेव्हा मॅट टेलर हा ब्रिटिश शास्त्रज्ञ टीव्हीवर आला तो तोकड्या कपड्यांतल्या, बंदुका घेतलेल्या बायकांची चित्रे असलेला भडक शर्ट घालून. माणसाने धूमकेतूवर यंत्र उतरवले त्या दिवशी जग शर्टाबद्दल भांडत बसले. दोन दिवसांनी त्याने डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली. शर्ट एका मैत्रिणीने वाढदिवसासाठी शिवून दिलेला होता. माझ्या बरोबरीच्या पुरुषांना तेव्हा तो गदारोळ अति वाटला, स्त्री सहकाऱ्यांना मुळीच वाटला नाही. आमच्या क्षेत्रात बाईने काय घालावे याची चर्चा रोजच होते, पुरुषाची एकदाच झाली, असे एकीने सुनावले. त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते.

मग २०१६ च्या सप्टेंबरात सोशल मोबिलिटी कमिशनचा अहवाल आला. लंडनच्या गुंतवणूक बँकांत साध्या घरांतली हुशार मुले मुलाखतीत का मागे पडतात याचा त्यात अभ्यास होता. कारणांत एक सापडले ते म्हणजे सुटाखाली तपकिरी बूट! शहरात तपकिरी बूट घालू नयेत हा जुना अलिखित नियम. ज्याचे वडील, आजोबा सिटीत होते त्याला तो ठाऊक, बस ड्रायव्हरच्या मुलाला कोण सांगणार? गुण चांगले, बूट चुकले. २०१६ मध्ये, बरं का, १८१६ मध्ये नव्हे.

याच काळात वरच्या मजल्यावर मात्र गाठी सैल होत होत्या. २०१७ च्या जूनमध्ये सभापती बर्को यांनी पुरुष खासदारांना टायशिवाय बोलायची मुभा दिली. कोविडनंतर घरून काम सुरू झाले आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने महागाई मोजण्याच्या टोपलीतून पुरुषांचा सूट काढून टाकला. तो या ना त्या रूपात १९४७ पासून त्या टोपलीत होता. त्याच्या जागी काय घातले? ब्लेझर. सेंट जॉन्सच्या होडीवाल्यांचा कोट. बर्टनची दुकानेही २०२१ मध्ये बंद झाली, नाव तेवढे इंटरनेटवर विकायला उरले.

आपल्या लोकांसाठी निमंत्रणात अजून एक पळवाट असते : 'लाउंज सूट किंवा राष्ट्रीय पोशाख'. आपल्या बायका तिचा पुरेपूर फायदा घेतात. पैठणी नेसून सभागृहात शिरल्या की स्मार्ट, कॅजुअल, फॉर्मल सगळे वाद जागीच संपतात. पुरुष मात्र बिचकतात. इतक्या वर्षांत एकाही तांत्रिक परिषदेत धोतर आणि पगडी मी पाहिलेली नाही. फार तर बंद गळ्याचा कोट, तोही दिवाळीच्या आसपास.

लंडनला आलात तर प्रिमरोज हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड या घरी जरूर जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेऊन स्मारक केले. त्यावर शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि शेवटी २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारने ती दिली. मी गेलो तेव्हा कडक ऊन होते, जुलै महिना. विदर्भातले एक कुटुंब फोटो काढत होते. मुले अर्ध्या चड्डीत, बाई साध्या साडीत, आणि साठीचे गृहस्थ निळ्या सुटात, लाल टाय लावून, घामाने डबडबलेले. मुलगा म्हणाला, बाबा, कोट काढा ना आता. त्यांनी काढला नाही. मोबाइल समोर आला तसे त्यांनी कोटाचे मधले बटण लावले, टाय सारखा केला आणि दारावरच्या निळ्या पाटीखाली सरळ उभे राहिले.